डावीकडे फिरणाऱ्या चांदण्या

२ डिसेंबर

कात्री सापडली. शिवणाच्या डब्यात नव्हती, स्वयंपाकघरात नव्हती, ताईच्या उशीखाली होती! तिथं कशी गेली कोण जाणे. विचारलं, "ताई, तू घेतलीस?" ती म्हणाली, "हो."

पण त्याला काही अर्थ नाही. झटका आल्यापासून ताईकडे हा एकच शब्द उरला आहे. चहा हवा? हो. नको? हो. आज बुधवार ना? हो. की शनिवार? हो. जन्मभर मला "नाही" म्हणत आली, आता सगळी भरपाई एकदम चालू आहे.

उजवा हात मांडीवर ठेवला की तिथंच राहतो, दुसऱ्या कुणाचा तरी विसरलेला असावा तसा. काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जाते. बाकी वेळ पलंगाशेजारच्या खुर्चीत, खिडकीपाशी.

पलंगाखाली भाचीची बॅग आहे. चाकांची, नवी कोरी. ताईला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ती ठेवून गेली. "मावशी, आईला उचलायचं म्हणजे तुझ्या कमरेचं काय होईल? नाताळला येते आणि घेऊन जाते. माझ्या घराच्या समोरच दवाखाना आहे. तोवर हळूहळू सामान भरून ठेव." मी म्हटलं, बघू. तर म्हणाली, "बघू नाही. आले की घर बघेन. नेहमीसारखं चाललेलं दिसलं तर मी एक शब्द बोलणार नाही. नाहीतर आई माझ्याकडे."

ताईचीच मुलगी. वाक्यंसुद्धा तीच.

मी बॅगेत काही भरलेलं नाही. भरणारही नाही.

४ डिसेंबर

नेहमीसारखं म्हणजे काय, याचा विचार करत होते. या घरात डिसेंबरात नेहमीचं एकच असतं — चांदण्या. खिडकीत, दारावर, जिन्याच्या कठड्याला, नाताळच्या झाडावर. सगळ्या कागदाच्या, सगळ्या ताईच्या हातच्या. बाजारातली एकसुद्धा नाही. "विकतची चांदणी लावायची तर बल्बच लावा की," असं म्हणायची.

भाची दारातून आत आली की आधी खिडकीकडे बघेल. तेव्हा चांदण्या हव्यात. कुणी केल्या हे मी सांगणार नाही. ताईचा हात सुधारला असं तिला वाटलं तर वाटू दे.

शाळेत सिस्टर म्हणायच्या, न सांगणं हेही खोटंच. पण सिस्टर जाऊन आता किती वर्षं झाली.

५ डिसेंबर

मागच्या वर्षीचं कॅलेंडर उतरवलं. त्याचा कागद जाड असतो, दुमडला की दुमडलेला राहतो. पट्ट्या कापल्या. हे माझं कामच. पट्ट्या मी कापायच्या, टोकं तिरकी करायची म्हणजे ती सहज ओवली जातात. शेवटी चांदणी पातळ मेणात बुडवून दोरा बांधायचा, हेही माझं. मधलं सगळं ताईचं. चार पट्ट्या घ्यायच्या, प्रत्येक अर्ध्यात दुमडायची, एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी, अशी चौकोनी वीण घालायची आणि मग एकेक टोक वळवून आत खोचत जायचं. सोळा टोकं वर येतात. लांबून साधं दिसतं. मी लहानपणापासून तिच्या शेजारी बसून पाहिलं आहे, म्हणून वाटलं येईल.

आलं नाही. वीण सुटली. परत घातली, परत सुटली. तिसऱ्या खेपेला जे तयार झालं ते चुरगळलेल्या बिलासारखं दिसत होतं.

ताई बघत होती. तिच्या भुवया अजून चालतात.

७ डिसेंबर

व्यायाम करून घेणारी मुलगी आली होती. ताईच्या उजव्या तळव्यात स्पंजचा चेंडू ठेवते आणि म्हणते, "दाबा आजी, माझा गळा समजून दाबा." ताई चेंडूकडे बघतही नाही. चेंडू घरंगळला. बोक्या टपलेलाच असतो, त्यानं तो कपाटाखाली नेला.

जाताना मुलगी जिन्यात मला म्हणाली की हातात थोडी जान आहे, पण आजींना करायचं नाही. कशासाठी करायचं ते त्यांना सापडलं पाहिजे. मी तिला सांगितलं की ताईला आयुष्यात कुणी काही करायला लावू शकलेलं नाही. ती हसली. मी विनोद केला नव्हता.

९ डिसेंबर

जमली!

गंमत म्हणजे विचार करणं थांबवल्यावर जमली. रेडिओ लावला होता, हात आपोआप चालत होते. बघते तर डावा हात पुढे, उजवा नुसता धरायला. मी डावखुरी आहे हे मी विसरूनच गेले होते. शाळेनं विसरायला लावलं होतं. लिहायचं उजव्या हातानं, चमचा उजव्या हातात, प्रार्थनेच्या पुस्तकाची पानं उजव्या हातानं उलटायची. फक्त हस्तकलेच्या तासाला मुभा होती. त्या सिस्टर म्हाताऱ्या होत्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली असायची. माझा डावा हात पाहून त्या इकडेतिकडे बघायच्या, वर्गात दुसरं कुणी आलेलं नाही ना म्हणून, आणि हळूच म्हणायच्या, चालू दे. त्या वर्गाला कायम खळीचा आणि ओल्या गणवेशांचा वास यायचा. मला तो अजून कुठंही आला की बरं वाटतं.

चांदणी ताईच्या मांडीवर ठेवली. तिनं डाव्या हातानं उचलली, उलटी केली, सुलटी केली. मग माझ्याकडे पाहिलं. काहीतरी चुकलं होतं, पण काय ते सांगायला शब्द नव्हता. "चांगली झाली ना?" "हो."

१० डिसेंबर

आज पाच. बोटांच्या टोकांवर कागदाचे काप. मीठ हाताळवत नाही.

१२ डिसेंबर

भाचीचा फोन. ताईच्या कानाला लावून दिला. लाऊडस्पीकरवर असतो, त्यामुळे सगळं ऐकू येतं.

"आई, जेवलीस का?" हो. "मावशी त्रास देते का?" हो. (भाची हसली. मी नाही.) "माझ्याकडे यायचं ना आता?"

"हो."

फोन ठेवल्यावर मी ताईसमोर स्टूल ओढून बसले आणि विचारलं, "ताई, इथंच राहायचं ना? आपण दोघी?"

"हो."

एक एक बरोबरी. पण भाचीला दिलेला "हो" जरा लांब होता, असं मला वाटलं. फोनमध्ये आवाज तसाच येतो म्हणा. आणि ऐकणाऱ्याला काय, जे ऐकायचं ते ऐकू येतं.

१४ डिसेंबर

चंदेरी पट्ट्या गेल्या. चहाच्या पुड्यांच्या आतला चंदेरी कागद मी वर्षभर जमवते, पुसून, नखानं सपाट करून. त्याची एकच चांदणी होते, झाडाच्या शेंड्यावरची. सकाळी चार पट्ट्या कापून ताईच्या शेजारच्या तिपाईवर ठेवल्या, दूध बघायला उठले, परत येते तो नाहीत. तिपाईखाली नाहीत, पलंगावर नाहीत.

बोक्या खिडकीत बसून पाय चाटत होता. सगळी पावती त्याच्या नावावर फाडली आणि त्याला बाहेर काढलं. ताई माझ्याकडे बघत राहिली. हसत होती म्हणावं तर तोंडाची एक बाजू हसतच नाही आता.

शेंड्यावर साधीच लावावी लागेल.

१६ डिसेंबर

झाडताना झाडू बॅगेला लागला. उघडून पाहिली नाही. रिकामी बॅग काय पाहायची!

पण त्यावरून आठवलं. बॅगेच्या बाबतीत ताईची एक रीत आहे. कुणीही घरातून जायला निघालं की रिकाम्या बॅगेत तळाशी आधी चांदणी, मग कपडे. डिसेंबर असो की मे. कारण विचारलं तर, "आधी कपडे घातले की नुसतं सामान होतं," एवढंच म्हणायची. भाची होस्टेलवर गेली तेव्हा ट्रंकेत ठेवली. माझ्या लग्नात ठेवली. साड्यांना मेणाचा डाग पडला म्हणून माझ्या सासूबाई पुढे कित्येक दिवस बोलत होत्या. दाजी शेवटचे दवाखान्यात गेले, त्या छोट्या हातपिशवीतसुद्धा.

हे गेल्यावर मी इथं राहायला आले तेव्हा ताईनं माझी बॅग पलंगावर उपडी केली. तळ हातानं चाचपला. चांदणी नव्हती. कोण ठेवणार होतं? घरात मी एकटीच तर होते. वाटलं, आता ही एक करून देईल. तिनं बॅगच उचलून माळ्यावर टाकली आणि म्हणाली, "आता तुला लागणार नाही. तू कुठं जायची नाहीस."

एवढ्यावरच मी इतकी वर्षं राहिले आहे.

ताई लेकीकडे गेली तर घर माझ्याकडेच राहील. भाचीनं तसं सांगितलं आहे. पण या घरात मी भांडू कुणाशी?

१८ डिसेंबर

इतर गोष्टी उरकल्या. तारेचा हँगर वाकवून गोल केला, त्यावर जुन्या हिरव्या स्वेटरची लोकर गुंडाळली, दारावर टांगला. अक्रोडाच्या कवचांत कापूस भरून पाळणे केले. बुटांच्या खोक्याचा गोठा आहेच, त्याचं छप्पर नव्यानं चिकटवलं. मेंढ्यांतली एक लंगडी झाली आहे, तिला भिंतीला टेकवून उभी केली. ताईला काठीवर उभी करतात तशी.

ताईचा एक पायमोजा सापडत नाही. राखाडी जोडीतला. फणीही दिसत नाही. बोक्या फणी नेणार नाही, म्हणजे मीच कुठंतरी ठेवली असणार. आता माझं डोकंही तपासून घ्यायला हवं, पण ते नाताळ झाल्यावर.

२१ डिसेंबर

ताई खुर्चीतून घसरली.

मी मेण वितळवत होते. धप्प आवाज आला. जाऊन बघते तर ती जमिनीवर बसलेली, पलंगाला पाठ लावून, एक पाय बॅगेला टेकलेला. लागलं नव्हतं. चेहरा शांत होता, जणू तिथंच बसायचं होतं. मी काखेत हात घालून उचलू गेले. कमरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. दोघीही जमिनीवर! मग दोघीही बसून राहिलो. तिनं डाव्या हातानं माझा हात धरला आणि म्हणाली, "हो."

कशाला हो, ते कळलं नाही.

मी कशीबशी उठले, खालच्या दुकानातल्या सुताराला बोलावून आणलं. त्यानं ताईला घडीच्या खुर्चीसारखं सहज उचलून बसवलं. मी चहा केला. म्हटलं, माझ्या भाचीला हे सांगू नका, ती उगाच काळजी करते. त्यानं मान डोलावली. चहा संपवून म्हणाला, "सांगत नाही मावशी. पण पुढच्या खेपेला मी दुकानात नसलो तर?"

मी त्याला आणखी चहा विचारला.

कंबर शेकली. मेण करपून गेलं, भांडं फेकावं लागणार.

२३ डिसेंबर

सगळं लावून झालं. खिडकीत तीन रांगा. कठड्यावर कागदी साखळी. ऊन आलं की मेण लावलेला कागद आतून उजळतो, जुन्या तारखा उलट्यासुलट्या दिसतात. कुठं मार्च, कुठं अर्धा सप्टेंबर.

सुरेख दिसतं आहे. स्वतःच्या कामाला सुरेख म्हणू नये असं शिकवलं होतं. पण आहे.

ताईला खुर्चीसकट खिडकीजवळ सरकवलं. तिनं एकेक करून सगळ्या पाहिल्या. मग बराच वेळ माझ्या कमरेकडे बघत होती. मी शेकायची पिशवी बांधून हिंडते आहे, साडीखालून फुगवटा दिसतो.

२४ डिसेंबर

भाची आली. दारातच थांबली आणि खिडकीकडे पाहिलं. मला माहीत होतं!

"आई! एवढं सगळं तू केलंस?"

"हो," ताई म्हणाली.

देवा, तो शब्द एकदा तरी कामाला आला. मी स्वयंपाकघरात गेले, उगाचच नळ सोडला.

दिवसभर भाची घर बघत होती. औषधांचा डबा, न्हाणीघरातला दांडा, फ्रीज. सगळं जागच्या जागी. संध्याकाळी तिघी चर्चला जाऊन आलो, ताई चाकांच्या खुर्चीतून. ताईनं प्रत्येक प्रार्थनेला "हो" म्हटलं. बाकीचे लोक "आमेन" म्हणत होते, तेव्हा ते खपून गेलं.

२५ डिसेंबर

जेवण झाल्यावर ताई झोपली. मी ताटं पुसत होते. भाची खिडकीपाशी गेली, एक चांदणी दोऱ्यासकट हातात घेतली, मग शेजारची, मग तिसरी. बोटानं मधली वीण गिरवत होती.

"मावशी, या सगळ्या डावीकडे फिरतात."

मी म्हटलं, कागदच तसा होता.

"आईच्या चांदण्या उजवीकडे फिरतात. माझ्या ट्रंकेतली अजून आहे माझ्याकडे." ती आवाज न चढवता बोलत होती. "यातली एकही तिची नाही."

तर हे होतं! ताईनं पहिल्या दिवशी उलटीसुलटी करून पाहिलं होतं ते हे. डाव्या हातानं पहिली पट्टी धरली की वीण उलटी पडते आणि सगळी चांदणी उलटी फिरते. सगळं घर भरून मी सही करून ठेवली होती, आणि मला पत्ता नाही.

ताट पुसत राहिले, ते केव्हाच कोरडं झालं होतं. भाचीनं ते माझ्या हातातून घेतलं. बोटं पाहिली, काप पाहिले, त्यावर लावलेल्या पट्ट्या. वाटलं, आता बॅग काढायला सांगेल. ती शेजारी बसली. म्हणाली, "मला राग आलाय. खूप आलाय. पण तिच्यासाठी एवढं मी केलं असतं का, असा विचार करतेय." मग नाक पुसून पुन्हा ताईसारखी झाली. "राहू दे तिला इथं. दिवसा एक बाई ठेवू, पैसे मी पाठवीन, त्यावर चर्चा नको. आणि तिला उचलायचं नाही."

मी म्हटलं, नाही उचलणार.

२६ डिसेंबर

जिंकले. तीस-चाळीस वर्षांत या घरात पहिल्यांदाच.

ताईला सांगितलं, "तू कुठं जायची नाहीस. इथंच राहायचं, माझ्यापाशी. ठरलं." ती माझ्याकडे बघत राहिली. आज "हो" म्हणाली नाही. थकली असेल.

भाची उद्या दुपारी निघणार. म्हणाली, बॅग तेवढी पलंगाखालून काढून दे, आता रिकामीच आहे तर मी घेऊन जाते.

२७ डिसेंबर

सकाळी बॅग ओढली. चेन लावलेली नव्हती. आत फणी, घडी न घातलेला झोपायचा झगा, राखाडी पायमोजा. तळाशी चंदेरी चांदणी. वेडीवाकडी, एका टोकावर दातांच्या खुणा. उजवीकडे फिरणारी.

ताई जागी होती.

पायमोजा एकच होता. दुसरा शोधून बॅगेत ठेवला.